पगार शुक्रवारचा, चोरी गुरुवारची

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. त्याच्या दक्षिण भागात सॅनफर्ड हे एके काळचं कापड गिरण्यांचं गाव. तिथे पॅटको कन्स्ट्रक्शन नावाची एका कुटुंबाची बांधकाम कंपनी होती. जागा घ्यायची, बांधायचं, विकायचं किंवा दुसऱ्याला बांधून द्यायचं, असा धंदा. आपल्या तालुक्याच्या गावातला एखादा बरा चाललेला बिल्डर डोळ्यांसमोर आणला तरी चालेल. २००९ च्या मे महिन्यात या कंपनीच्या खात्यातून आठवड्याभरात ५,८८,८५१ डॉलर काढले गेले. तेव्हाच्या दराने हे तीन कोटी रुपयांच्या आसपास होतात.

छोट्या धंद्याच्या सायबर सुरक्षेबद्दल बोलायचं झालं की मी हेच प्रकरण काढतो. ते जुनं आहे आणि त्यातला व्हायरसही जुना आहे. पण खटला अपिलापर्यंत गेल्यामुळे कोणी काय केलं आणि कोणी काय केलं नाही, हे तारीखवार नोंदलेलं आहे. एरवी अशी प्रकरणं गावात कुजबुजीपलीकडे जात नाहीत. मालकाला लाज वाटते, बँकेला नाव जायची भीती असते.

पॅटकोचं खातं ओशन बँकेत होतं. ही त्या भागातली छोटी स्थानिक बँक, नंतर पीपल्स युनायटेड बँकेत विलीन झाली. कंपनी २००३ पासून इंटरनेट बँकिंग वापरत होती, ते मुख्यतः पगारासाठी. तिथे एसीएच नावाची व्यवस्था आहे. एका फाइलमध्ये सगळी नावं, खाते क्रमांक आणि रकमा भरून बँकेला पाठवायच्या, की पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात जमा. पॅटकोची पद्धत घड्याळासारखी होती. पगार नेहमी शुक्रवारी, सॅनफर्डच्या ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवरून, त्याच एका आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या ठरलेल्या पत्त्यावरून. तोवरचा सर्वांत मोठा पगार होता ३६,६३४ डॉलर ७४ सेंट. हा आकडा लक्षात ठेवा.

७ मे २००९ हा गुरुवार होता. त्या दिवशी कंपनीच्या खात्यातून ५६,५९४ डॉलर बऱ्याच वेगवेगळ्या लोकांच्या खात्यांत गेले. त्यांतल्या एकालाही पॅटकोने पूर्वी कधी पैसे दिलेले नव्हते. ज्या कॉम्प्युटरवरून आदेश आला तो बँकेच्या नोंदीत नव्हता, आयपी ॲड्रेसही अनोळखी. वार चुकलेला, रक्कम चुकलेली, माणसं चुकलेली, यंत्र चुकलेलं. बरोबर होते ते फक्त पासवर्ड आणि प्रश्नांची उत्तरं. बँकेने पैसे सोडले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, १,१५,६२० डॉलर गेले. मग शनिवार-रविवारची सुट्टी. चोरांनाही बँकेच्या कामकाजाचे दिवस पाळावे लागतात. सोमवारी ९९,०६८, मंगळवारी ९१,९५९, बुधवारी १,१३,६४७. या सगळ्या काळात ऑफिसात कोणाला काही कळलं नाही.

कळलं ते चोरांच्या चुकीमुळे. त्यांनी भरलेले काही खाते क्रमांक अवैध होते, म्हणून तेवढे पैसे परत आले. ते परत आल्याची सूचना बँकेने टपालाने पाठवली, तीही ऑफिसच्या पत्त्यावर न पाठवता कंपनीच्या मालकांपैकी एकाच्या घरी. १३ तारखेला संध्याकाळी हे गृहस्थ कामावरून घरी आले तेव्हा पाकीट हाती पडलं. पैसे विजेच्या वेगाने बाहेर जात होते आणि त्याची खबर पोस्टमनच्या थैलीतून येत होती. १४ तारखेला सकाळी कंपनीने बँकेला फोन केला की हे व्यवहार आमचे नाहीत. त्याच सकाळी आणखी १,११,९६३ डॉलरचा आदेश आत शिरला होता, त्यातला काही भाग बँकेला अडवता आला.

पासवर्ड चोरांना कसा मिळाला? कंपनीच्या कॉम्प्युटरवर नंतर झ्यूस नावाच्या घातक प्रोग्रामचे अवशेष सापडले. २००७ च्या सुमारास पसरू लागलेला हा प्रोग्राम छोट्या धंद्यांचा काळ ठरला. ईमेलमधली जोडफाइल उघडली, किंवा बाधित वेबसाइट नुसती पाहिली, तरी तो आत येऊन बसायचा. गोंधळ घालायचा नाही, मशीन मंद करायचा नाही. बँकेचं पान उघडलं की जागा व्हायचा आणि जे काही टाइप होईल ते टिपून चोरांकडे पाठवायचा.

आता बँकेची कुलपं पाहू. कंपनीचा आयडी आणि पासवर्ड, कर्मचाऱ्याचा वेगळा आयडी आणि पासवर्ड, कॉम्प्युटर ओळखणारी कुकी, आणि आधी ठरवून ठेवलेले तीन सिक्युरिटी प्रश्न. हे प्रश्न सुरुवातीला फक्त मोठ्या व्यवहारांना, म्हणजे १ लाख डॉलरच्या वर, विचारले जायचे. जून २००८ मध्ये बँकेने ती मर्यादा खाली आणली. किती खाली? १ डॉलरवर. छोट्या रकमांचे घोटाळे झाल्यामुळे हा निर्णय घेतला गेला. हेतू चांगला होता आणि कागदावर सुरक्षा वाढलेली दिसत होती.

प्रत्यक्षात झालं उलटं. पॅटकोचा पगार लाखाच्या आत असायचा, म्हणजे जुन्या नियमात प्रश्नांची वेळ क्वचितच यायची. उत्तरं टाइपच झाली नसती तर झ्यूसने टिपली काय असती? नव्या नियमात दर व्यवहाराला तीच उत्तरं टाइप करावी लागू लागली. घराची किल्ली रोज अंगणात काढून मोजायची आणि परत ठेवायची, तसा प्रकार. कुंपणावर बसलेल्याला एक दिवस पुरतो. अपील न्यायालयाने पुढे याच मुद्द्यावर सर्वांत जास्त बोट ठेवलं.

या बँकेकडे आणखी एक वस्तू होती, आणि तीच मला या प्रकरणातली सर्वांत बोलकी वाटते. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराला जोखमीचे गुण देण्याची सोय होती. शून्य ते हजार. ग्राहकाची सवय काय, वेळ कुठली, यंत्र कुठलं, रक्कम किती, हे सगळं जुळवून ते आकडा काढायचं. ७५० च्या वर गेलं की धोका मोठा. पॅटकोच्या नेहमीच्या व्यवहारांना १० ते २१४ गुण पडायचे. ७ मेच्या पहिल्या चोरीला पडले ७९०. त्या आठवड्यातले चोरीचे आकडे ५६३ ते ७९० या पट्ट्यात होते. म्हणजे यंत्राने चोर ओळखला होता. पहिल्याच दिवशी, पहिल्याच व्यवहाराला.

मग काय झालं? काही नाही. गुण जास्त पडले की सिस्टीम सिक्युरिटी प्रश्न विचारायची, आणि ते तर १ डॉलरलाही विचारले जात होते. ७९० ची शिक्षा आणि १० ची शिक्षा एकच. गुणांचा अहवाल निघत होता, पण तो वाचायचं काम बँकेत कोणाकडे दिलेलं नव्हतं. ग्राहकाला फोन करायची पद्धत नव्हती. संशयाचा व्यवहार थांबवून माणसाने तपासायची सोय उपलब्ध होती, ती त्यांनी वापरायला घेतली नव्हती. आपल्याकडे सोसायटीच्या गेटवर कॅमेरे असतात आणि त्यांचा स्क्रीन वॉचमनच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असतो, त्याची आठवण होते.

पॅटकोच्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर हे एकतर्फी होईल. आठवड्याभरात कंपनीत कोणी खातं उघडून पाहिलं नाही. बँकेच्या इंटरनेट बँकिंग करारात एक कलम होतं की एसीएचने होणाऱ्या नावे नोंदींवर रोज नजर ठेवायची जबाबदारी ग्राहकाची, आणि हरकत असेल तर त्याच दिवशी कळवायची. करारात बँकेने स्वतःची जबाबदारी जवळजवळ शून्यावर आणली होती. घोर हलगर्जी झाली तर सहा महिन्यांच्या फीएवढी भरपाई, बस. सुधारित करार आम्हाला कधी दाखवलाच नाही, बँकेने तो फक्त वेबसाइटवर टाकला, असं कंपनीचं म्हणणं. हा वाद कोणालाही ओळखीचा वाटेल. ‘मी सहमत आहे’ यावर टिचकी मारण्याआधी कोण वाचतं?

चोरी कळल्यानंतर कंपनीकडून जे झालं ते मात्र टाळता आलं असतं. बँकेचं म्हणणं असं की तिने कंपनीला कॉम्प्युटर नेटवर्कपासून तोडून, बंद न करता, तसेच ठेवायला आणि तज्ज्ञाकडून त्यांची हुबेहूब प्रत काढून घ्यायला सांगितलं होतं. काय सांगितलं आणि काय नाही, यावर दोघांत एकमत नव्हतं. पण व्हायरस काढायचा प्रोग्राम चालवला गेला, हे खरं. त्याने झ्यूस पकडला आणि त्याची सांकेतिक फाइलही पुसून टाकली. त्या फाइलशिवाय तो प्रोग्राम नेमकं काय चोरत होता हे सिद्ध करता येईना. पुढे बँकेने कोर्टात हेच म्हटलं की पासवर्ड झ्यूसनेच चोरला याला पुरावा काय? पंचनामा होण्याआधी घर झाडून-पुसून घेतल्यासारखं झालं.

पैशांचा हिशेब असा लागला. २,४३,४०६ डॉलर अडवले गेले किंवा परत आले. ३,४५,४४४ डॉलर गेले ते गेलेच. त्यात भर म्हणजे खात्यात तेवढी शिल्लक नव्हती. कमी पडलेली रक्कम बँकेने कंपनीच्या कर्जमर्यादेतून, आपल्या भाषेत ओडीतून, काढून चोरांना पोहोचवली होती. दोन लाख डॉलरच्या वर. त्यावर व्याज लागत होतं. स्वतःच्या घरी झालेल्या चोरीसाठी कर्ज काढून वर व्याज भरायचं, अशी ही गत.

अमेरिकेत साध्या ग्राहकाच्या खात्यातून असे पैसे गेले तर वेगळा केंद्रीय नियम त्याला सांभाळून घेतो. धंद्याच्या खात्याला ते छत्र नाही. तिथे प्रश्न एकच असतो की बँकेची सुरक्षा पद्धत व्यापारी दृष्टीने वाजवी होती का? वाजवी असेल आणि बँकेने ती नेकीने पाळली असेल, तर नुकसान ग्राहकाचं. पॅटकोने सप्टेंबर २००९ मध्ये दावा लावला. २०११ मध्ये जिल्हा न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. पद्धत आदर्श नसेल, पण वाजवी आहे, असा त्याचा सूर.

३ जुलै २०१२ रोजी अपील न्यायालयाने तो फिरवला. मुख्य न्यायाधीश सँड्रा लिंच यांनी लिहिलेल्या या निकालाने एकाच चुकीवर सगळा भार दिला नाही. १ डॉलरचा नियम, न वाचलेले गुण, न केलेला फोन, बाजारात मिळत असूनही न दिलेलं एकदाच चालणारा पासवर्ड देणारं टोकन, हे सगळं मिळून पद्धत वाजवी राहत नाही, असं त्यात म्हटलं. ग्राहकाचीही काही जबाबदारी होती का, हा प्रश्न मात्र उघडा ठेवला आणि दोन्ही बाजूंनी आपसांत मिटवावं असं सुचवलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते मिटलं. बँकेने बुडालेली पूर्ण रक्कम आणि सुमारे ४५,००० डॉलर व्याज दिलं. वकिलांची फी त्यात नव्हती. तीन वर्षांच्या खटल्यानंतर जिंकलेल्या माणसाचा हिशेब असा असतो.

पॅटकोचा निकाल वाचून ‘शेवटी बँकच भरते’ असं वाटून घेऊ नये म्हणून त्याची जोडगोष्ट सांगतो. मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये चॉइस एस्क्रो नावाची कंपनी होती. जमिनीच्या व्यवहारात दोन्ही पक्षांचे पैसे सांभाळून ठेवायचं काम. मार्च २०१० मध्ये तिच्या खात्यातून ४,४०,००० डॉलर थेट सायप्रसला गेले. रीत तीच, कर्मचाऱ्याच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस. पण इथे बँकेने दुहेरी मंजुरीची सोय देऊ केली होती, एकाने आदेश भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा. रोजची रक्कम मर्यादित करायचीही सोय होती. कंपनीने दोन्ही नाकारलं, दुहेरी मंजुरी तर लेखी. कारण विचाराल तर ऑफिसात पुष्कळदा एकच माणूस असतो, दुसरा आणायचा कुठून? २०१४ मध्ये अपील न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. पूर्ण नुकसान कंपनीचं.

ते कारण मला खोटं वाटत नाही. छोट्या धंद्यात खरंच माणसं नसतात. आपल्याकडची गंमत मात्र निराळी आहे. गावातल्या पतसंस्थेच्या, गृहनिर्माण सोसायटीच्या, अगदी गणेश मंडळाच्या चेकवरही दोन सह्या लागतात. अध्यक्षांची आणि खजिनदाराची. त्यासाठी लोक स्कूटरवरून फिरतात, भांडतात, पण दुसरी सही घेतात. तोच माणूस स्वतःच्या फर्मचं नेटबँकिंग एका पासवर्डवर चालवतो आणि तो पासवर्ड टॅलीच्या मॉनिटरखाली पिवळ्या चिठ्ठीवर असतो. बँकेकडे मागितली तर ‘मेकर-चेकर’ नावाची सोय बहुतेक करंट खात्यांना मिळते. अकाउंटंटने भरायचं, मालकाने स्वतःच्या मोबाइलवरून मंजूर करायचं. दुसरा माणूस म्हणून घरातलं कोणी चालतं. बायको भागीदार असतेच कागदावर, तिला खरंच चेकर करा.

पॅटकोच्या १ डॉलरच्या नियमाचा आपला अवतार म्हणजे ओटीपी. आपल्याकडे दुसऱ्या टप्प्याची खातरी सक्तीची झाली, हे चांगलंच. पण दिवसातून वीस वेळा येणाऱ्या ओटीपीचं काय होतं ते कुठल्याही दुकानात उभं राहून ऐका. “शेठ, ओटीपी आला का?” “हं, घे, चार सात दोन…” शेठ गाडी चालवता चालवता आकडे वाचून दाखवतात. कशाचा ओटीपी, किती रकमेचा, कोणाच्या नावे, हे त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. चेकबुकातल्या कोऱ्या पानांवर आधीच सह्या करून ठेवायची आपली जुनी सवय होती, तीच मोबाइलमध्ये आली आहे. उद्या त्या फोनवर अकाउंटंटच्या आवाजात दुसराच कोणी बोलला तर?

कायद्याच्या बाजूने आपला छोटा व्यापारी पॅटकोपेक्षा थोडा बऱ्या जागी उभा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ही चौकट घालून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मध्येच कुठेतरी भगदाड पडलं आहे, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर पुन्हा शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या करंट, सीसी (कॅश क्रेडिट) किंवा ओडी खात्याला ही मर्यादा त्या परिपत्रकात १०,००० रुपये होती. सातच्या पुढे गेलं की बँकेचं संचालक मंडळ ठरवेल ते. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. पण पासवर्ड किंवा ओटीपी ग्राहकानेच दुसऱ्याला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. शेठच्या गाडीतल्या त्या फोनची किंमत इथे कळते.

पैसे गेल्याचं लक्षात आलं की आधी बँक आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, मग बाकीचे फोन. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात, आणि भाड्याने घेतलेल्या या खात्यांपैकी एखाद्यात ते सापडले तरच गोठवता येतात. पॅटकोला जे परत मिळालं त्यात निकालापेक्षा त्या सकाळच्या फोनचा आणि चुकलेल्या खाते क्रमांकांचा वाटा आधी होता. आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या मुलाला ‘फॉरमॅट मारू का?’ असं विचारू द्या, पण हो म्हणू नका. इंटरनेटची वायर काढा आणि मशीन तसंच ठेवा.

त्या तीन दिवसांच्या मोजणीत एक खोच आहे. मोजणी सुरू होते ती बँकेची सूचना मिळाल्यापासून, तो दिवस सोडून. आपल्याकडे सूचना म्हणजे एसएमएस. खातं उघडताना जो नंबर दिला होता त्यावर तो जातो. कित्येक फर्ममध्ये तो नंबर दहा वर्षांपूर्वीच्या मॅनेजरचा असतो, किंवा वारलेल्या वडिलांचा, ज्यांचं सिम कपाटातल्या जुन्या फोनमध्ये पडलेलं आहे. पैसे जातात, कपाटात मेसेज वाजतो, घड्याळ सुरू होतं. पॅटकोचं पाकीट निदान सहा दिवसांनी दारात तरी आलं. पासबुक भरायला शाखेत जाल तेव्हा खात्याला कुठला नंबर जोडलेला आहे, एवढं काउंटरवर विचारून घ्या.